कनूने अमेरिकेतून कॅनडात शिरायचंय? नकाशा नंतर, आधी पासपोर्ट बघा

तुमचा प्रश्न असा: ऑगस्टमध्ये तुम्ही नवराबायको इंदूरहून मिनिआपोलिसला लेकीकडे जाताय. जावई ग्रीन कार्डवाले, तुम्ही टुरिस्ट व्हिसावर. आठवडाभर कनू, म्हणजे हलकी अरुंद नाव, वल्हवत बाउंड्री वॉटर्स या मिनेसोटातल्या सरहद्दीलगतच्या तळ्यांच्या रानातून कॅनडातल्या क्वेटिको पार्कात शिरायचं आणि तसंच परत यायचं, तर आखणी कशी करावी?

२०२३ मध्ये मी नेमकं हेच करायला निघालो होतो. मीही इंदूरचाच, टुरिस्ट व्हिसावर. मेहुणा डुलुथला, ग्रीन कार्डवर. त्याचा मुलगा तिथेच जन्मलेला. कनू एक, माणसं तीन आणि कागदपत्रं तीन तऱ्हेची. हिवाळाभर व्हिडिओ कॉलवर नकाशा पसरून आम्ही मार्ग काढला: मूस लेकवरून सुरुवात, प्रेअरी पोर्टेज नावाच्या ठिकाणी सरहद्द ओलांडायची, पलीकडे चार रात्री. जानेवारीअखेरीस बाउंड्री वॉटर्सच्या परमिटांचं बुकिंग सुरू झालं, तसं मेहुण्याने ते घेऊनही टाकलं. मार्च उजाडेपर्यंत माझा पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

अडचण अशी की तळ्याच्या मधोमध इमिग्रेशनचा माणूस बसलेला नसतो. प्रेअरी पोर्टेजला क्वेटिकोचं रेंजर स्टेशन आहे, पण तिथे पार्कचं परमिट मिळतं, देशात शिरायची परवानगी नाही. त्यासाठी कॅनडाचा 'रिमोट एरिया बॉर्डर क्रॉसिंग' नावाचा परवाना असायचा, आणि तो फक्त कॅनडाच्या किंवा अमेरिकेच्या नागरिकांना आणि तिथल्या कायम रहिवाशांना. म्हणजे मेहुणा आणि भाचा चालले, मी नाही. आता तर तोही गुंडाळलाय: नवे अर्ज २०२४ मध्येच थांबले आणि १४ सप्टेंबर २०२६ पासून त्याजागी ठरलेल्या ठिकाणांवरून फोनने हजेरी द्यायची पद्धत आहे. पण व्हिसावर फिरणाऱ्याने असल्या फोनाफोनीच्या भरवशावर राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आपला पासपोर्ट अधिकाऱ्याने हातात घेऊन बघितलेला बरा.

गंमत म्हणजे ही सरहद्द मुळात कनूवाल्यांनीच आखलीय म्हणा ना. फरचे व्यापारी ज्या तळ्यांवरून आणि पायवाटांवरून जायचे, त्याच वाटेवरून १८४२ च्या वेबस्टर-अॅशबर्टन तहाने रेघ ओढली, आणि लेक सुपीरियर ते लेक ऑफ द वूड्स हा जलमार्ग नि त्यावरचे पोर्टेज, म्हणजे तळ्यांमधल्या पायवाटा, दोन्ही देशांच्या लोकांना खुले राहतील असं लिहून ठेवलं. मी हे मोठ्या आनंदाने मेहुण्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "भावजी, दोन्ही देशांच्या. तुमचा तिसरा."

तेव्हा तुमच्यासाठी दोनच वाटा उरतात. एक, संपूर्ण सहल अमेरिकेच्या बाजूला करायची. बाउंड्री वॉटर्स काही लहान नाही, साधारण ४,४०० चौरस किलोमीटर आणि हजाराहून जास्त तळी. १ मे ते ३० सप्टेंबर मुक्कामी परमिटांना कोटा असतो. ते जावयांनीच ऑनलाइन काढावं. परमिटावर शिरायची तारीख आणि ठिकाण दोन्ही ठरलेलं असतं, आणि एका गटात जास्तीत जास्त ९ माणसं, ४ नावा. मूस लेकसारख्या ठिकाणांच्या ऑगस्टच्या तारखा लवकर जातात, पण रद्द झालेली परमिटं मधूनमधून दिसतात, रोज बघत राहायला सांगा.

दुसरी, क्वेटिकोच हवं असेल तर सरहद्द गाडीने ओलांडायची. इंटरनॅशनल फॉल्सच्या पुलावरून फोर्ट फ्रान्सिसला जा, खिडकीत पासपोर्ट द्या, पुढे हायवे ११ ने सुमारे दीडशे किलोमीटरवर अॅटिकोकन, आणि त्याच्याही पुढे फ्रेंच लेक. तिथून उत्तरेकडून पार्कात शिरायचं, तिथूनच बाहेर पडायचं. यात पाण्यावरची सरहद्द कुठेच येत नाही. जावयांना भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्डवर कॅनडाचा व्हिसा लागत नाही, तुम्हा दोघांना लागतो. फी १०० कॅनेडियन डॉलर, वर बायोमेट्रिक्सचे ८५. बोटांचे ठसे द्यायला मी अहमदाबादला गेलो होतो. अर्ज प्रवासाच्या चार-पाच महिने आधी टाका, आणि अमेरिकेत परत शिरायचंय, तेव्हा तिथला व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, तेवढं एकदा उघडून बघा.

एकाच आठवड्यात दोन्ही बाजू करायचा हट्ट मात्र सोडा. आम्ही सोडला. मूस, न्यूफाउंड, सकर, बर्च करत नाइफ लेकपर्यंत गेलो, सगळे मुक्काम अमेरिकेच्या काठावर. समोरचा काठ कॅनडाचा. तशीच झाडं, तसेच खडक. याच तळ्यातल्या बेटांवर डोरोथी मोल्टर नावाच्या बाई एकट्या राहायच्या आणि येणाऱ्या कनूवाल्यांना घरी केलेली रूट बिअर (दारू नव्हे, गोड सरबत) विकायच्या. १९८६ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या केबिन आता जवळच्या ईली गावात संग्रहालय म्हणून उभ्या आहेत. जाताना किंवा येताना तासभर काढून बघा.

आता ज्याची तुम्ही चौकशीच केली नाहीत ते सांगतो: पोर्टेज. दोन तळ्यांमधली पायवाट. पाणी संपलं की कनू खांद्यावर. नकाशावर ही अंतरं रॉडमध्ये छापतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढी लांबी. १०० चा आकडा बघून मी घरी हसलो होतो. शंभर रॉड म्हणजे पाचशे मीटर. पण सगळं एका खेपेत जात नाही. ओझं ठेवायचं, मोकळ्या हाताने मागे यायचं, पुन्हा ओझं घेऊन जायचं. झाले दीड किलोमीटर, तेही ओल्या दगडांवरून आणि मुळांवरून. भाड्याने घेताना चार पैसे जास्त देऊन केवलारची, म्हणजे हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची, कनू घ्या. १७ फुटी केवलार वीस किलोच्या आसपास, अॅल्युमिनियमची तिशी ओलांडते. कनू उलटी करून मधल्या आडव्या दांडीवर खांदे द्यायचे. त्या दांडीला योक म्हणतात, म्हणजे आपलं जू. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने का मळतात ते मला तिसऱ्या दिवशी कळलं.

सराव इथेच करा. कनू नसली तरी चालेल, वल्हवणं दोन तासांत जमतं. ओझं जमत नाही. मी दोन महिने सकाळी पाठीवर वीस किलो गहू बांधून रालामंडलची टेकडी चढत होतो. फिरायला येणारे ओळखीचे लोक विचारायचे, "क्यों भिया, चक्की बदल ली क्या?"

खाण्याचं सोपं आहे, आपण पोह्यांच्या गावचे. पोहे हलके, शिजवायला इंधन जवळजवळ लागत नाही. वर सियागंज बाजारातून नेलेले मसाले आणि शेव. पण पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या दोन्ही पार्कांत चालत नाहीत, म्हणून लोणच्याची बरणी लेकीकडेच राहू द्या, लोणचं प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. तूप, डाळी मिनिआपोलिसच्या भारतीय दुकानात मिळतात, कस्टमपुढे पिशव्या उघडत बसू नका. रात्री सगळं खाणं अस्वलरोधक डब्यात किंवा झाडाच्या खोडापासून लांब, उंच टांगलेलं हवं. काळी अस्वलं आहेत. मला दिसलं नाही, पण टूथपेस्टसुद्धा टांगली होती. तळ्याचं पाणी काचेसारखं दिसलं तरी गाळून किंवा उकळूनच.

ऑगस्टचा शेवट निवडलात तर उत्तम. जून-जुलैचे डास तोवर पुष्कळ ओसरलेले असतात. मोठ्या तळ्यांवर दुपारी वारा उठतो, म्हणून पहाटे निघून दुपारी तंबू ठोकायचा. लाइफ जॅकेट अंगात, बोटीत नाही. मोबाइलला रेंज नसते, तेव्हा सॅटेलाइट मेसेंजर भाड्याने घ्या आणि जलरोधक कागदी नकाशा नि होकायंत्र सोबत ठेवा. आणखी एक फरक: अमेरिकेच्या बाजूला ठरलेल्या जागीच मुक्काम, तिथे शेगडी आणि संडासाचा खोका असतो. क्वेटिकोत जागा आपणच शोधायची आणि खड्डाही आपणच खणायचा. वहिनींना हे आधी सांगा. मी बायकोला सांगितलं होतं, म्हणूनच ती डुलुथला थांबली.

तिकिटाच्या तारखा आणि जावयांच्या गाडीच्या टपावर कनू बांधायची सोय आहे का, एवढं खाली लिहा. म्हणजे दोनपैकी कुठली वाट तुम्हाला जमेल ते सांगता येईल.