कच्च्या कैद्याला हर्सूल मध्यवर्ती कारागृहातून पैठणच्या खुल्या कारागृहात हलवता येतं का?

नाही. पैठणचं कारागृह खुलं आहे, तिथं फक्त शिक्षा लागलेले आणि वर्तणूक चांगली असलेले निवडक बंदी पाठवतात, शेतीकामाला. खटला चालू असलेल्यांना, म्हणजे कच्च्या कैद्यांना, मध्यवर्ती किंवा जिल्हा कारागृहातच ठेवतात.

त्यापेक्षा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणारा कायदा) कलम ४७९ बघा. पूर्वी कधीच शिक्षा झालेली नसेल आणि कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला असेल, तर जातमुचलक्यावर (स्वतः लिहून दिलेल्या हमीवर) सुटका होते. म्हणजे ७ वर्षांच्या गुन्ह्याला २ वर्षं ४ महिने. आधी शिक्षा झालेली असेल तर निम्मा काळ. हे १ जुलै २०२४ ला संहिता लागू होण्यापूर्वीच्या खटल्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप असेल तर मात्र उपयोग नाही.

घोडं अडतं ते इथं: दुसरा एखादा गुन्हा प्रलंबित असला की या कलमाखाली सुटका होत नाही, आणि आरोपीमुळे लांबलेला काळ मोजत नाहीत. न्यायालयाकडे अर्ज करणं कारागृह अधीक्षकांचं काम आहे, पण वाट बघत बसू नका. अटकेची तारीख आणि कलमं लिहून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो.