ग्रेडियंट कोपॉलिमर नियंत्रित रॅडिकल पॉलिमरायझेशननेच का मिळतो?

आपण विचारले आहे की, मिथाइल मेथाक्रिलेट आणि ब्युटाइल अ‍ॅक्रिलेट हे दोनच मोनोमर (साखळीच्या कड्या होणारे रेणू) त्याच प्रमाणात घेऊन साध्या रॅडिकल पद्धतीने केलेल्या पॉलिमरला कोणी ग्रेडियंट, म्हणजे साखळीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे घटकांचे प्रमाण उतारासारखे हळूहळू बदलत गेलेला, म्हणत नाही, मग एटीआरपीने (अणू-हस्तांतरण रॅडिकल पॉलिमरायझेशन या नियंत्रित पद्धतीने) केलेल्याला तसे का म्हणतात. रॅडिकलची, म्हणजे साखळीच्या क्रियाशील टोकाची, आवडनिवड तर दोन्हीकडे सारखीच असते. ती सारखीच असते हे आपले म्हणणे अगदी बरोबर आहे.

या जोडीत मेथाक्रिलेटचे अभिक्रियाशीलता गुणोत्तर (टोकाचा रॅडिकल दुसऱ्याच्या तुलनेत स्वतःच्याच मोनोमरला किती पट सहज जोडतो तो आकडा) सुमारे २, तर अ‍ॅक्रिलेटचे ०.३ ते ०.४ आहे. म्हणजे साखळीच्या टोकाशी यांपैकी कोणताही रॅडिकल असो, पुढची कडी म्हणून तो मेथाक्रिलेटलाच पसंती देतो. दोन्हींचे समान मोल घेतले, तर सुरुवातीला तयार होणाऱ्या पॉलिमरमध्ये मेथाक्रिलेटचा वाटा ७० टक्क्यांच्या आसपास असतो. ते भराभर संपत जाते आणि अखेरीस फ्लास्कमध्ये बहुतांशी अ‍ॅक्रिलेट उरते. हा बदल दोन्ही पद्धतींत होतो. मात्र साध्या पद्धतीत एक साखळी सुरू होऊन, वाढून, संपुष्टात येईपर्यंत साधारण एक सेकंद लागतो, आणि सबंध अभिक्रिया मात्र काही तास चालते. त्यामुळे सकाळी जन्मलेल्या साखळ्या मेथाक्रिलेटने भरलेल्या, तर दुपारच्या साखळ्या अ‍ॅक्रिलेटने भरलेल्या निघतात. बदल साखळीसाखळींमध्ये विभागला जातो आणि हाती येते ते वेगवेगळ्या साखळ्यांचे मिश्रण. विद्यार्थ्यांना मी पंगतीचे उदाहरण देतो: पहिल्या पंगतीच्या पानात जिलबी भरपूर पडते आणि शेवटच्या पंगतीला ताकभातावर भागवावे लागते.

एटीआरपीत सगळेच जण पहिल्यापासून शेवटपर्यंत पानावर बसलेले असतात आणि घास घास जेवतात. १९९५ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात मात्यास्झेव्स्की यांनी मांडलेल्या या पद्धतीत तांब्याचे संयुग साखळीच्या टोकावरचा ब्रोमीन अणू क्षणभर काढून घेते, तेवढ्या वेळात एखाददुसरी कडी जोडली जाते आणि ब्रोमीन परत टोकावर बसतो. कोणत्याही क्षणी लाखो साखळ्यांमागे एखादीच जागी असते, बाकीच्या सुप्त असतात. म्हणून जवळपास सर्व साखळ्या एकदमच सुरू होऊन तासन्‌तास एकत्र वाढतात आणि फ्लास्कमधला प्रत्येक बदल प्रत्येक साखळीच्या लांबीवर उमटतो. अर्थात कड्यांचा नेमका क्रम साखळीगणिक वेगळाच असतो. सारखा असतो तो फक्त सरासरी उतार.

म्हणूनच ‘नियंत्रित’ म्हणजे आपोआप ‘ग्रेडियंट’ असे समजणे मला चुकीचे वाटते. स्टायरीन व मिथाइल मेथाक्रिलेट यांची गुणोत्तरे दोन्ही ०.५ च्या आसपास असल्याने निम्मेनिम्मे घेतल्यास मिश्रणाची रचना जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे उतारही पडत नाही. तिथे एक मोनोमर पंपाने हळूहळू सोडून तो मुद्दाम घडवावा लागतो. मेथाक्रिलेट-अ‍ॅक्रिलेटच्या जोडीतही अभिक्रिया २० टक्के रूपांतरणावर (मोनोमरचा पाचवा हिस्साच वापरला गेला असताना) थांबवली, तर उतार नावापुरताच राहतो.

गुणधर्मांत हा फरक काचसंक्रमण तापमानात (काचेसारखा कडक पॉलिमर मऊ होऊ लागतो त्या तापमानात) सर्वांत ठळकपणे दिसू शकतो. ब्लॉक कोपॉलिमरमधील (एका घटकाचा सलग तुकडा, मग दुसऱ्याचा) घटक वेगळे झाले तर दोन संक्रमणे मिळतात, यादृच्छिकात (कड्या कशाही मिसळलेल्या) एकच अरुंद संक्रमण मिळते. ग्रेडियंटमध्ये मात्र, विशेषतः घटक एकमेकांत सहज न मिसळणारे असतील तेव्हा, संक्रमण कित्येक दशक अंशांवर पसरते, आणि त्यामुळेच तापमानाच्या मोठ्या पट्ट्यात कंपने शोषणाऱ्या पदार्थांसाठी त्यांचा विचार होतो.

आपण स्वतः हे करून पाहणार असाल, तर केवळ अंतिम पॉलिमरच्या एनएमआरवर (चुंबकीय अनुनादाने रचना पाहणाऱ्या चाचणीवर) विसंबू नका, कारण त्यातून सरासरी रचना कळते, उतार कळत नाही. ठरावीक वेळाने नमुने काढून दोन्ही मोनोमरचे रूपांतरण गॅस क्रोमॅटोग्राफीने स्वतंत्रपणे मोजावे आणि सोबत रेणुभार रूपांतरणाच्या प्रमाणात वाढतो आहे ना, हेही तपासावे. तो वाढत नसेल, तर साखळ्या मध्येच मरत आहेत किंवा नव्याने जन्मत आहेत, आणि मग आपल्या हाती पुन्हा मिश्रणच आले आहे.