गाडीचा सवाल : वाळलेली शीट खरवडू नका, भिजवा

प्रश्न : आठवडाभर गाडी झाडाखाली उभी होती. परत येऊन बघतो तर बॉनेटवर आणि टपावर पक्ष्यांच्या शिटेचे पाच-सहा ठिपके, वाळून अगदी कडक झालेले. एक नखाने काढायला गेलो तर खाली बारीक ओरखडे उमटले, म्हणून बाकीच्यांना हातच लावला नाही. गाडी काळी आहे. आता काय करू?

उत्तर : हात लावला नाहीत ते फार बरं केलंत. ओरखडे कशाने आले ते आधी सांगतो. दाणे टिपणारे पक्षी दाण्यांबरोबर बारीक खडेपण गिळतात, पोटात दाणे दळायला लागतात ते, आणि त्यातले काही खडे, बियांची टरफलं वगैरे शिटेतून बाहेर पडतं. म्हणजे तो वाळलेला ठिपका हा जवळजवळ पॉलिश पेपरचा तुकडाच झाला, आणि तुम्ही तो रंगावर दाबून सरकवलात. कोरड्या फडक्याने पुसलं असतंत तरी हेच झालं असतं, उलट जास्त लांबपर्यंत.

तर करायचं असं. गाडी सावलीत घ्या आणि पत्र्याला हात लावून बघा, गरम असेल तर गार होऊ द्या, कारण गरम पत्र्यावर शॅम्पूचं पाणी लगेच सुकतं आणि त्याचे वेगळे डाग पडतात. मग कोमट पाण्यात थोडा कार शॅम्पू घालून त्यात मायक्रोफायबरचं फडकं (नसेल तर जाडसर पेपर टॉवेल चालेल, पण फक्त भिजवायला, पुसायला नाही) चांगलं ओलंचिंब करून ठिपक्यावर नुसतं ठेवायचं. दाबायचं नाही, घासायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्या, मध्ये सुकायला लागलं की वरून अजून पाणी सोडा. शिटेतला पांढरा भाग मुख्यतः युरिक ॲसिडचा असतो आणि ते पाण्यात सहजासहजी विरघळतच नाही, म्हणून एवढा वेळ द्यावा लागतो. लोक दोन मिनिटं भिजवतात, निघत नाही म्हणून जोर लावतात, आणि सगळं तिथेच बिघडतं.

नीट भिजलं की तुम्हाला दिसेलच, आधी कडा सुटतात, मग मधला भाग लगद्यासारखा मऊ होतो. आता फडकं वर उचलून घ्यायचं, म्हणजे चिमटीत धरून काढल्यासारखं. थोडं उरलं तर फडक्याची दुसरी स्वच्छ घडी घ्या, तीच मळकी बाजू परत लावू नका, आणि तरी चिकटून बसलंच तर पुन्हा दहा मिनिटं भिजवा. शेवटी भरपूर पाण्याने धुऊन हलकंसं टिपून घ्या. एकेका ठिपक्याला अर्धा तास लागला तरी चालेल, काळ्या रंगावर घाईचा प्रत्येक ओरखडा उन्हात दिसतो हो.

आणि एक, वाळलेली शीट कोरडी खरवडू नका हे तुमच्या तब्येतीसाठीपण सांगतोय. तिची धूळ नाकातोंडात जाऊन फुप्फुसाचे आजार होऊ शकतात. आधी ओलं करा, हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा.

प्रश्न : शीट निघाली पण खाली तिच्याच आकाराचा निस्तेज चट्टा राहिलाय. कितीही धुतलं तरी जात नाही.

उत्तर : तो आता डाग नाहीये, रंगाच्या वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, तिथे खराब झालाय. सगळे ॲसिडलाच दोष देतात पण ते एकटं नसतं. उन्हात क्लिअर कोट थोडा मऊ होऊन फुगतो, वरची शीट मात्र सुकून कडक होत असते, आणि गार होताना कोट आकसतो तो त्या खडबडीत थराच्या अंगानेच बसतो, एखादा ठसा उमटावा तसा. शिवाय शिटेत पक्ष्याच्या पचनाचे एन्झाइम असतात, रंगाची चाचणी घेणारे लोक शिटेच्या ऐवजी पॅनक्रिएटिन नावाचं पाचक एन्झाइमांचं मिश्रण वापरतात ते त्यामुळेच. म्हणून उन्हाळ्यात एका दुपारीसुद्धा चट्टा पडू शकतो.

बोट फिरवून बघा. हाताला काही लागत नसेल, फक्त चमक गेली असेल तर बारीक पॉलिश हाताने लावून बऱ्याचदा निघतो. पॉलिश आधी एका छोट्या जागी करून बघा. नख अडकत असेल तर मात्र घरी प्रयोग करू नका, चांगल्या डिटेलिंगवाल्याकडे (गाडीच्या रंगाची सफाई-पॉलिश करणाऱ्याकडे) न्या आणि आधी रंगाची जाडी मीटरने मोजायला सांगा. क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ, आणि प्रत्येक रबिंगला त्यातला थोडा कायमचा जातो. माझ्या जुन्या गाडीला मी दर चट्ट्यासाठी रबिंग कंपाउंड, म्हणजे जाडसर खरखरीत पॉलिश, घासत राहिलो आणि टपावरचा कोट एका जागी पार उडाला, मग अख्खा टप रंगवावा लागला. पुसट चट्टा राहिला तर राहू द्या असं मी आता मनापासून सांगतो. मॅट रंग असेल तर पॉलिशचा विचारच सोडा, तिथे चकचकीत ठिपका तयार होईल.

प्रश्न : व्हिनेगर, खायचा सोडा, भांड्याचं लिक्विड यातलं काय चालेल?

उत्तर : भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब अडीअडचणीला ठीक, फक्त वॅक्स उतरेल, ते परत लावा. सोड्याचे न विरघळलेले कण घासले जातात आणि व्हिनेगर स्वतःच ॲसिड आहे. दोन्ही नकोत.

प्रश्न : सिरॅमिक कोटिंग केलंय तरी डाग पडला. फसवणूक झाली का?

उत्तर : फसवणूकच झाली असं नाही. कोटिंग काय किंवा वॅक्स काय, दोन्ही रंगावर लावायचे संरक्षक थर, त्यांनी तुम्हाला थोडा जास्त वेळ मिळतो आणि शीट लवकर सुटते, एवढंच. कोटिंग आहे म्हणून चार दिवस तशीच ठेवली तर कोटिंगवरही चट्टा पडणार. डिकीत पाण्याची छोटी स्प्रे बाटली आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर ठेवा, ताजी शीट भिजवून उचलायला तेवढं पुरतं. आणि समोरच्या काचेवर पडली असेल तर कोरडा वायपर चालवू नका, त्या खड्यांनी वायपरचं रबर आणि काच दोन्ही खराब होतात.