देणगी देताना प्रशासकीय खर्च कमी असलेली संस्थाच निवडावी का?

नाही, एकूण खर्चातला प्रशासकीय खर्च किती टक्के, फक्त यावरून संस्था निवडू नका. भाडं, संगणक, हिशेबनीस, लेखापरीक्षण, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण हे सगळं याच खर्चात मोडतं. ते कापलं की पैसे नेमके कुठे गेले हे सांगणारा माणूसच संस्थेत उरत नाही. अमेरिकेत सेवाभावी संस्थांची माहिती देणाऱ्या आणि पारख करणाऱ्या चॅरिटी नेव्हिगेटर, गाइडस्टार आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनीच २०१३ मध्ये देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं होतं, की या एकाच निकषावर संस्था जोखू नका. शिवाय हा आकडा हवा तसा वळवता येतो. त्याच व्यवस्थापकाचा पगार एक संस्था प्रकल्पाच्या खात्यात दाखवते, दुसरी कार्यालयाच्या. ‘आमचा प्रशासकीय खर्च शून्य’ असं कुणी म्हणालं तर मी उलट जास्त चौकशी करेन, कारण तो खर्च कुणीतरी दुसरा देणगीदार उचलत असतो. त्यापेक्षा गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद मागा आणि कामाचा परिणाम कसा मोजता ते विचारा. मात्र संस्था नवी नसूनही निम्म्याहून जास्त पैसा दरवर्षी कार्यालय आणि निधी उभारणीवरच जात असेल, तर समाधानकारक कारण मिळेपर्यंत देणगी देऊ नका.