नव्या प्रशिक्षिकेस : आधी श्वास मोजायला शिकवा

ताई, नागपुरातील वस्त्यांत आणि पारशिवनीकडील गावांत काम करणाऱ्या बालपरिचारिकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी आपण घेतली, याचा आनंद आहे. मात्र पहिल्याच आठवड्यात सगळा अभ्यासक्रम उरकू नये. माझी पहिली तुकडी मी फळ्यावरच्या व्याख्यानांनीच दमवली होती.

सर्वांत आधी श्वास मोजायला शिकवावे. बाळ शांत असताना, आईच्या मांडीवर, झबले वर करून, पोटाची हालचाल पाहत पूर्ण 60 सेकंद मोजावे. 15 सेकंद मोजून चारने गुणणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांखाली मिनिटाला 60, वर्षाच्या आत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40 किंवा त्याहून अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन, हे आकडे तोंडपाठ हवेत.

जुलाबात ओआरएसचे (जलसंजीवनीचे) एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यात एकाच वेळी पूर्ण कालवावे (पेल्यात चिमूटभर टाकणारे हात मी अजूनही पाहते), आणि जुलाब थांबले तरी झिंक 14 दिवस द्यावे.

आईला “समजलं ना?” असे विचारल्यास ती मान डोलावते, त्याऐवजी “घरी कसं कराल, करून दाखवा” असे म्हणावे. नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाचा (जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या बाळाचा श्वास सुरू करण्याचा) भाग दुसऱ्या महिन्यात घेता येईल.