खानाचा रस्सा आणि कोकराचं व्याज

प्रश्न: नमस्कार सर, शाळेत मंगोल म्हणजे जाळपोळ आणि लूट एवढंच शिकलो. पण एवढं मोठं राज्य नुसत्या लुटीवर किती दिवस चालणार? टॅक्स होता का, आणि मंगोल लोक स्वतः भरायचे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: भरायचे की! फक्त पैशात नाही, जनावरात. चंगीझनंतर 1229 ला गादीवर आलेल्या ओगदेई खानाचा हुकूम होता, दरवर्षी कळपातला एक मेंढा खानाच्या रश्श्यासाठी द्यायचा आणि वर 100 मेंढ्यांमागे एक मेंढी आपल्याच लोकांतल्या गरिबांसाठी. ऐकायला किती सोपं ना. पण डाकचौक्यांसाठी घोडे, माणसं, खाणंपिणं पुरवायचं तेही याच लोकांनी, आणि माझ्या मते मेंढपाळाचं कंबरडं मोडलं ते मेंढ्याने नाही, या चौक्यांनी.

खरी गंमत मंगोलांनी जिंकलेल्या उत्तर चीनची. दरबारात काहीजण म्हणायला लागले, हे शेतकरी आपल्या काय कामाचे, हाकला सगळ्यांना आणि जमिनीचं कुरण करून टाका. तिथे येलू चुत्साई नावाचा खितान वंशाचा सल्लागार होता, तो म्हणाला थांबा, जमीन, व्यापार, मीठ, दारू, लोखंड यांच्यावर नीट कर लावला तर वर्षाला 5 लाख ल्यांग चांदी (एक ल्यांग साधारण 40 ग्रॅम), 80 हजार ठाण रेशीम आणि 4 लाख शी (धान्याचं चिनी माप) धान्य मी मिळवून देतो. 1230 ला दहा कर कचेऱ्या उघडल्या, पुढच्याच वर्षी माल खानासमोर हजर! कुरणाचा विषय तिथेच संपला. लाखो माणसं वाचली ती दयेने नाही, हिशोबाने.

पण मग हाव सुटली. 1239 च्या सुमाराला अब्दुर्रहमान नावाच्या व्यापाऱ्याने बोली लावली, 11 लाख ल्यांग जमतात तिथे मी 22 लाख देतो, वसुलीचा मक्ता मला द्या. चुत्साईने खूप विरोध केला, कोण ऐकतंय. आता मक्तेदार आपल्या खिशातून थोडीच भरणार, त्याने ते रयतेकडूनच काढायचं ठरलेलं. लोक कर भरायला सावकाराकडे जायचे, आणि हे सावकार म्हणजे ‘ओर्तोक’ व्यापारी, ज्यांच्या धंद्यात खुद्द मंगोल सरदारांचंच भांडवल. म्हणजे कर पण तुम्हीच घेणार आणि तो भरायला कर्ज पण तुमच्याच पैशातून! व्याज वर्षाला दुप्पट, पुढच्या वर्षी त्याचं दुप्पट, मेंढीला कोकरू आणि कोकराला परत कोकरू, म्हणून चीनमध्ये त्याला कोकराचं व्याजच म्हणायचे. शेवटी 1240 ला खानाने बरंच कर्ज तिजोरीतून फेडलं आणि व्याज मुद्दलाएवढं झालं की थांबवायचं असा नियम केला. आपल्याकडचा दामदुपटीचा नियम आठवला ना? अगदी तोच.

प्रश्न: कुबलाईच्या कागदी नोटा चीनमध्ये चालल्या, मग इराणच्या मंगोलांच्या का आपटल्या? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: कारण चीनवर राज्य करणाऱ्या चंगीझच्या नातवाने, कुबलाईने, 1260 ला नोटा काढल्या तेव्हा मागे चांदीचा साठा ठेवला होता, आणि चीनला नोटांची सवय आधीपासून होती. (पुढे त्यानेही वारेमाप छापल्याच, 1287 ला पाच जुन्या नोटांना एक नवी द्यायची वेळ आली.) इराणच्या गायखातू खानाकडे 1294 ला तिजोरीत खडखडाट, खर्च मात्र दिलदार, त्याने नोटा काढल्या, वर चिनी अक्षरं छापली आणि जो घेणार नाही त्याला मरणाची धमकी. तबरीझच्या दुकानदारांनी सरळ दुकानं बंद केली, बाजारात खायला मिळेना, दोनेक महिन्यांत सगळं गुंडाळलं. आपल्याला हे ओळखीचं वाटेल, राजधानी दौलताबादला हलवणाऱ्या महंमद तुघलकाने पुढे पस्तीसेक वर्षांनी हलक्या धातूची नाणी काढून साधारण अशीच फजिती करून घेतली.

प्रश्न: आज मंगोलियात मेंढ्यांवर टॅक्स आहे का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर: हो ताई, मध्ये काही वर्षं नव्हता, 2021 पासून परत आला. दर जनावरामागे आणि तुगरिकमध्ये (तिथलं चलन), आणि तो किती ठेवायचा ते स्थानिक सभा ठरवते. रश्श्याला मेंढा मात्र आता द्यावा लागत नाही.