हप्ता चुकला की आधी बँकेत जा

कोपरखैरण्याहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा २०२३ साली इंजिनिअर झाला, आता महापेला नोकरी करतो, हातात येतात १८ हजार. शैक्षणिक कर्जाचे ६ लाख बाकी आहेत, व्याज १० टक्के, मुदत सात वर्षं, हप्ता ९,९६० रुपये. दोन हप्ते थकलेत. मुलगा म्हणतो, "अमेरिकेत माफ झालं, इथंही होईल, कशाला भरायचं?" वडील एपीएमसीत माथाडी आहेत, ते फंड काढायला निघालेत. धाकटी बारावीला आहे.

ताई, तुमच्या मुलावर रागावू नका. १८ हजारांतून दहा हजार गेल्यावर उरतं काय? कर्जमाफीची मागणी करणारी मुलं फुकटी नाहीत, असं मी मनापासून मानतो. फी वाढत गेली, पगार जागेवर राहिले. शेतकऱ्यांना २०१७ मध्ये आणि २०१९ मध्ये माफी मिळाली, मग आम्हाला का नाही, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

पण अमेरिकेची गोष्ट त्याने अर्धीच ऐकलीय. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये दहा हजार डॉलरपर्यंत, काहींना वीस हजारांपर्यंत माफी जाहीर केली आणि जून २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती योजनाच रद्द केली. काहींचं कर्ज माफ झालं ते वेगळ्या नियमांनी, उदाहरणार्थ सरकारी किंवा सेवाभावी संस्थेत दहा वर्षं काम करून हप्ते भरलेल्यांचं. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसच्या जाहीरनाम्यात शैक्षणिक कर्जमाफीचं आश्वासन होतं, पण सत्ता आली नाही. अशा आशेवर हप्ता थांबवायचा नसतो.

कारण बँक दिवस मोजते. थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज, होतं. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा पतगुण, बिघडतो तो फक्त मुलाचा नाही, सहकर्जदार म्हणून सही केलेल्या वडिलांचाही. दोन हप्ते चुकलेत म्हणजे वेळ फार उरलेला नाही. या आठवड्यातच दोघांनी शाखेत जावं, पगाराच्या स्लिपा आणि बँक स्टेटमेंट घेऊन. मॅनेजरकडे तोंडी रडगाणं नको, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मागायचं एकच: मुदत वाढवून द्या. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत परतफेडीला १५ वर्षांपर्यंत वाव आहे. तेच ६ लाख १५ वर्षांवर नेले तर हप्ता साधारण ६,४५० होतो. हे फुकट नाही, एकूण सव्वातीन लाखांच्या आसपास जास्त जातील. म्हणून पगार वाढला की जास्तीचे पैसे मुद्दलात भरायचे. बँक मुदत वाढवेलच अशी हमी मी देत नाही, पण न मागता तर ती वाढवणारच नाही. फोनवर कुणी "सेटलमेंट करा", म्हणजे थोडी रक्कम भरून कर्ज मिटवून टाका, असं म्हणालं तर घाई नको, तो शेरा सिबिलवर वर्षानुवर्षं राहतो.

वडिलांना सांगा, फंडाला हात लावू नका. पाठीवर पोती वाहून साठवलेला पैसा आहे तो, उतारवयात दुसरा आधार नाही. फार तर एक थकलेला हप्ता घरातून भरा, म्हणजे अर्ज मंजूर होईपर्यंत सवड मिळेल.

मुलाला माझा निरोप: महापेची नोकरी सोडायची नाही. ऐरोली-रबाळे पट्ट्यात अर्ज टाकत राहा, पण हातातली नोकरी ठेवून. दोन वर्षांचा अनुभव झाला की बोलणी वेगळी होतात.

आता धाकटीचं. तिच्यासाठी कर्जाचा विचार आत्ताच नको. २०२४-२५ पासून राज्याने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. अट एवढीच की प्रवेश कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही, आणि खासगी किंवा अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. तुमचा प्रवर्ग तुम्ही पत्रात लिहिला नाहीत, तो कळवा. तोवर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात अर्ज टाकून ठेवा, प्रवेशाच्या दिवसांत तिथं फार गर्दी होते.